कागदावरची बाग

आपल्याकडे बागेचा विचार करायचा तो वैशाखात. ऊन रणरणत असतं, जमीन भाजून निघालेली असते आणि आपण मृगाच्या आशेवर आळी करून, शेणखत घालून ठेवतो. थंडीत आखायचं काही नसतं, खायचं असतं! वालपापडी, मटार, मेथी, कोवळी वांगी, ओला हरभरा... त्यामुळे ऐन जानेवारीत, बाहेर गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं असताना, दहा-बारा माणसं स्वेटर घालून एका खोलीत बाग आखत बसली आहेत, हे दृश्य मला प्रथम गमतीचंच वाटलं.

२०२३-२४ चा हिवाळा मी लेकीकडे काढला. ती अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, विन्स्टन-सेलम शहराजवळ राहते. तिच्या शेजारच्या बाई त्यांच्या चर्चच्या सामायिक बागेचं काम बघतात. मी शाळेत असताना मुलांकडून बाग करून घ्यायचे, हे लेकीने त्यांना कधीतरी सांगितलेलं. झालं! एका शनिवारी "आई, तुला बोलावलंय बैठकीला," म्हणून मला घेऊन गेली.

चर्चच्या तळघरातला हॉल. लांब टेबलं, कॉफीची मोठी किटली, बियाण्यांच्या कंपन्यांची रंगीत पुस्तकं आणि मधोमध एक चौकटीचा कागद. आपण गणिताला वापरतो तसला आलेख कागद. त्यावर सगळे वाफे मापाने काढलेले. तिकडचं गणित आपल्या उलट चालतं. शेवटचं दव साधारण एप्रिलच्या मध्याला पडतं असं धरायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. टोमॅटोची रोपं त्याआधी सहा ते आठ आठवडे घरात तयार करायची. वाटाणा थंडीला भीत नाही, तो फेब्रुवारी संपता संपता थेट जमिनीत. कोबीचं रोप मार्चमध्ये बाहेर. गेल्या वर्षी ज्या वाफ्यात टोमॅटो होता तिथे यंदा बटाटा नको, कारण दोघं एकाच कुळातले, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. माती लाल आणि चिकट, तिच्यात शरद ऋतूत गोळा केलेला पालापाचोळा कुजवून मिसळायचा. मला हे सगळं ऐकताना फार छान वाटलं. शिक्षकी पेशातली माणसं मे महिन्यात वेळापत्रक बसवतात ना, अगदी तसंच!

सगळ्यात जास्त चर्चा मात्र एका वेगळ्याच गोष्टीवर झाली. जुलैत पाणी कोण घालणार? एप्रिलमध्ये रोपं लावायला उत्साही माणसं रांगेने येतात. जुलैत ऊन असतं, सुट्ट्या असतात, लोक समुद्रावर जातात. एका वयस्कर गृहस्थांनी वेगळा कागद काढला आणि म्हणाले, जुलैची यादी भरल्याशिवाय एकही बी मागवायचं नाही. मग हळूहळू नावं आली.

बैठक संपल्यावर तेच गृहस्थ माझ्याजवळ आले. मी इतिहास शिकवायचे हे कळल्यावर म्हणाले, "तुम्ही बेथाबाराला जाऊन या. या भागात चर्चची बाग आखायची पद्धत तिथली आहे, पावणेतीनशे वर्षांची."

तर ही त्या बेथाबाराची गोष्ट.

युरोपात मोरावियन नावाचा एक जुना ख्रिस्ती पंथ आहे. त्याचं मूळ यान हुस या बोहेमियातल्या सुधारकापाशी जातं. हुसला १४१५ साली जिवंत जाळण्यात आलं. त्याच्या विचारांच्या लोकांनी १४५७ मध्ये आपली बंधुमंडळी स्थापन केली. पुढे छळ झाला, मंडळी विखुरली, आणि १७२२ मध्ये जर्मनीत काउंट झिंझेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर हेर्नहुट नावाच्या गावात पुन्हा एकत्र आली. तिथून जगभर गेली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात त्यांनी १७४१ मध्ये बेथलेहेम नावाचं गाव वसवलं. नंतर दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनात लॉर्ड ग्रॅनव्हिल यांच्याकडून जवळजवळ एक लाख एकर जमीन विकत घेतली.

ती जमीन वसवायला १७५३ च्या ऑक्टोबरात बेथलेहेमहून पंधरा पुरुष निघाले. त्यातले चौघे सोबत करून परत जाणार होते. सगळे अविवाहित, बहुतेक तरुण. निवड मात्र कशी विचारपूर्वक केलेली! एक धर्मगुरू, एक वैद्य, एक कारभारी, सुतार, शिंपी, चांभार, भटारी, शेतकरी. याकोब लुंग नावाच्या एकाकडे बागकाम आणि धुणं अशी दोन कामं होती. आजच्या भाषेत सांगायचं तर माणसांचाही आलेख कागद आधी काढलेला होता.

दीड महिना गाडी ढकलत, ओढे ओलांडत ते १७ नोव्हेंबर १७५३ ला पोचले. म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी. कोणी सोडून दिलेली एक लाकडी खोपटी मिळाली, तीत कशीबशी सगळी मावली. एकाने तर जागा नाही म्हणून इतरांच्या डोक्यावर झोळी टांगली. त्या रात्री त्यांनी एकत्र बसून भोजन केलं, देवाचे आभार मानले आणि बाहेर लांडगे ओरडत होते. हे मी रंगवून सांगत नाही, त्यांनीच रोजनिशीत लिहून ठेवलंय. मोरावियन लोकांना लिहायची फार सवय. रोज काय केलं, हवा कशी होती, कोण आलं, कोण गेलं, सगळं टिपलेलं. ही दप्तरं जर्मनमधून इंग्रजीत आणून १९२२ पासून खंडाखंडाने छापली गेली. इतिहास शिकवणाऱ्याला असं काही दिसलं की दिवाळीच!

पोचल्याबरोबर त्यांनी झाडं तोडायला घेतली, धार लावायचा दगड बसवला, पाव भाजायची भट्टी बांधली. थोड्याच दिवसांत मोकळ्या केलेल्या जमिनीत गहू पेरला. थंडीत पेरून उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघणारा गहू. आपल्या रब्बीसारखाच.

गंमत अशी, की हे गाव कायमचं नव्हतंच. बेथाबारा या बायबलमधल्या नावाचा अर्थ ते 'ओलांडून जाण्याचं घर' असा सांगत. खरं मोठं गाव पुढे जमिनीच्या मध्यभागी वसवायचं, तोवर इथे मुक्काम. तरीही त्यांनी बाग केली. नुसती केली नाही, आखून केली. १७५८ मध्ये त्यांच्याकडे फिलिप क्रिस्टियान गोटलीब रॉयटर नावाचा मोजणीदार आला. त्याने सगळ्या मुलखाचे नकाशे काढले आणि त्याच हाताने बागांचेही काढले. १७५९ ची भाजीपाल्याची मोठी सामायिक बाग आणि १७६१ चा औषधी वनस्पतींचा बगीचा. दोन्ही कागद आजपर्यंत टिकले. सरळ रस्ते, चौकोनी वाफे, कशाच्या शेजारी काय.

१७५९ हे साल त्यांना फार जड गेलं. टायफस तापाची साथ आली आणि कितीतरी माणसं गेली. त्यात वैद्य हान्स मार्टिन काल्बरलान स्वतःच गेला. मूळचा नॉर्वेचा हा माणूस, पहिल्या तुकडीबरोबर चालत आलेला. त्याची बायको आना काथारिना त्याच वर्षी इथे आली होती. संसाराला काही महिनेही धड मिळाले नाहीत. औषधी बगीच्याचा नकाशा त्यानंतर दोन वर्षांनी निघाला. पुढे आना काथारिनाने रॉयटरशी लग्न केलं, म्हणजे वैद्याची विधवा आणि औषधी बागेचा नकाशा काढणारा. तिने आपली जीवनकहाणी लिहून ठेवली आणि तिच्या आधारावर १९४४ मध्ये एक कादंबरीवजा पुस्तकही निघालं.

त्या काळात इंग्रज, फ्रेंच आणि मूळ अमेरिकन जमातींमध्ये लढाई चालली होती. बेथाबाराभोवती १७५६ मध्ये लाकडी तट उभारला गेला आणि आसपासची घाबरलेली कुटुंबं तिथे आश्रयाला आली. त्यांना खायला घालायचं होतं. वाटेने जाणारे चेरोकी योद्धेही शेकड्यांनी येऊन जेवून जात. त्यांच्यात या जागेची ख्याती चांगल्या माणसांची आणि भरपूर भाकरीची जागा अशीच होती. एवढ्या तोंडांना पुरवणारी बाग हौसेची नसते. कुठल्या वाफ्यात काय, किती आणि केव्हा, हे थंडीत चुकलं तर उन्हाळ्यात पोटाला चिमटा.

हे सगळं चालायचं एका चुलीवर. जमीन मंडळीची, काम मंडळीचं, धान्य मंडळीचं. वेगळी मजुरी नाही. प्रत्येकाला जेवण, कपडा, छप्पर. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबासारखं, फक्त नातं रक्ताचं नाही.

हे मोरावियन आपल्याला वाटतात तितके परके नाहीत बरं का. बेथाबारात बाग झाली त्याच सुमारास, १७६० मध्ये, त्यांचीच एक तुकडी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, डॅनिश लोकांच्या तरंगंबाडीजवळ उतरली. त्यांच्या वसाहतीचं नाव काय पडलं असेल? बंधूंची बाग! ती वसाहत काही दशकं चालली, मग बंद पडली. आणि १८०० साली विल्यम कॅरी बंगालमधल्या श्रीरामपूरला आला (आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे), तेव्हा तो आणि त्याचे सोबती एकाच चुलीवर, एकाच तिजोरीवर राहिले. ही कल्पना त्यांनी मोरावियनांकडूनच घेतली होती. कॅरी पंथाने वेगळा, पण त्यांच्या कामाचे अहवाल वाचलेला. हा कॅरी म्हणजे तोच, ज्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये छापला गेला. बी.ए.ला आम्ही हे सनावळीसकट पाठ केलं होतं. पण हाच माणूस वनस्पतींचा वेडा होता, श्रीरामपुरात त्याची मोठी बाग होती आणि १८२० मध्ये त्याने भारतातल्या शेती आणि बागायतीसाठी एक संस्था काढली, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या लेखी तो फक्त एका प्रश्नाचं उत्तर होता, पाच गुणांचा.

असो. मी वाहवत चालले. बेथाबाराकडे येते.

लेकीने एका रविवारी दुपारी गाडी काढली. बेथाबारा आता शहराच्या आतच आलंय. संग्रहालय थंडीमुळे बंद होतं, पण मैदान खुलं. १७८८ चं चर्च उभं आहे. बाकीच्या घरांचे नुसते दगडी पाये. १९६० च्या दशकात स्टॅन्ली साउथ या पुरातत्त्वज्ञाने इथे उत्खनन केलं, तेव्हा ते पाये आणि तटाच्या खुणा सापडल्या. जुन्या नकाशांवरून त्याच जागी बागाही पुन्हा आखल्या गेल्या. म्हणजे पाहा, गाव हललं, तट गेला, माणसं गेली, आणि कागदावरचे वाफे मात्र परत मातीत उतरले. जानेवारीत तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. तपकिरी वाफे, वाळलेल्या काड्या. मला ते आवडलं. रिकाम्या वाफ्यात आखणी स्वच्छ दिसते.

मी तिथे बाकावर बसले आणि मोबाइलवर लेकीने त्या जागेचा इतिहास काढून दिला. वाचता वाचता एका ओळीपाशी थांबले.

१७६९ मध्ये मोरावियन मंडळीने सॅम नावाचा एक कृष्णवर्णी तरुण गुलाम म्हणून विकत घेतला. मंडळीने, म्हणजे चर्चने. १७७१ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याचं नाव योहान सॅम्युएल झालं. म्हणजे देवाच्या घरी तो भाऊ झाला आणि हिशोबाच्या वहीत मालमत्ता राहिला. एक चूल, एक तिजोरी, सगळे बंधू, हे सगळं खरं होतं. आणि त्याच तिजोरीतून माणूस विकत घेतला, हेही खरं होतं.

सुरुवातीला निदान प्रार्थनेला गोरे-काळे एकत्र बसत. मोरावियनांची दफनभूमी तर बघण्यासारखी असते. तिला ते देवाचं शेत म्हणतात. सगळे दगड सारखे, जमिनीलगत आडवे. मोठ्याचा मोठा नाही, गरिबाचा लहान नाही. पण सेलमच्या त्या शेतात १८१६ पासून कृष्णवर्णीयांना जागा मिळेनाशी झाली. १८२२ मध्ये त्यांची मंडळी वेगळी काढली आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्यासाठी ओंडक्यांचं वेगळं चर्च बांधलं. १८६१ मध्ये विटांचं झालं. त्याच विटांच्या चर्चमध्ये २१ मे १८६५ ला गुलामगिरी संपल्याची घोषणा वाचली गेली. आणि मोरावियन चर्चच्या दक्षिण प्रांताने या सगळ्याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २००६ मध्ये.

मला त्या लोकांना नावं ठेवायची नाहीत. एक तर हे सगळं आज कळतं ते त्यांनीच लिहून ठेवलं म्हणून. कृष्णवर्णी बंधूंच्याही जीवनकहाण्या त्यांनी टिपल्या आहेत. दुसरं म्हणजे ज्या गावात पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या आणि स्मशानंही वेगळी, तिथे मी वाढले आहे. भजनात एक आणि भोजनात वेगळे, हे आपल्याला शिकवायला कोणी बाहेरून यायला नको.

पण त्या बाकावर मला आठवली ती आमची शाळा.

१९८० च्या दशकातली गोष्ट. शाळेच्या मागे पडीक जागा होती. मी सातवीच्या मुलांना घेऊन तिथे बाग केली. आधी फळ्यावर आखली, मग वहीत, मग जमिनीवर. पपई, शेवगा, अळू, टोमॅटो, कडेला झेंडू. दोन वर्षांत बाग नावारूपाला आली. तालुक्याचे अधिकारी बघायला आले. आम्ही पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला. देणगीदारांची नावं, मुख्याध्यापकांचं नाव, 'मार्गदर्शक शिक्षिका' म्हणून माझं नाव आणि खाली 'इयत्ता सातवीचे विद्यार्थी'. उद्घाटनाला फोटो काढला. तो घरच्या मंडळींनी पाहिलाय, मी निळ्या साडीत आहे तो.

आता मला सांगा, एप्रिल-मे मध्ये शाळेला सुट्टी असते. मुलं मामाच्या गावाला. मी माहेरी. मग ऐन उन्हाळ्यात दोन महिने त्या बागेला पाणी कोण घालत होतं?

शाळेत झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. नळाला पाणी नसायचं, म्हणून त्या शेजारच्या विहिरीवरून कळश्या आणायच्या. त्यांच्या कामात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. जूनमध्ये आम्ही परत यायचो तेव्हा अळू हिरवंगार असायचं आणि मी मुलांना म्हणायचे, "बघा, तुमच्या कष्टाचं फळ!" मावशी बाजूला झाडू मारत असायच्या. त्या बोर्डवर त्यांचं नाव नव्हतं. फोटोतही त्या नाहीत. चहा त्यांनीच केला होता.

हे मला चाळीस वर्षांनी, सातासमुद्रापार, एका रिकाम्या बागेत बसून सुचावं! याला काय म्हणायचं? मी बाई म्हणून वाईट नव्हते. मी मुद्दाम केलं नाही. पण बोर्डचा मजकूर माझ्याच हाताने लिहिलेला होता आणि लिहिताना त्या माझ्या मनातच आल्या नाहीत. त्याहून वाईट म्हणजे त्या बाकावर मला त्यांचं नाव आठवेना. सगळे मावशीच म्हणायचे. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबरच्या एका शिक्षिकेला भारतात फोन करून विचारलं. तिलाही वेळ लागला. मग आठवलं. मुलांना न विचारता ते इथे लिहिणं बरं नव्हे, म्हणून लिहीत नाही. त्या आता नाहीत. त्यांचा मुलगा त्याच गावात असतो असं कळलं, त्याला भेटून आले. बोर्ड केव्हाच गंजून गेला, बागेच्या जागी आता खोल्या झाल्या आहेत. त्यामुळे दुरुस्त करायला काही उरलं नाही. मी फक्त त्याला घडलं ते सांगितलं. तो म्हणाला, "आई सांगायची, बाईंच्या बागेला पाणी घालायला जाते म्हणून." बाईंच्या बागेला! मला काही बोलता आलं नाही.

परत यायच्या आधी मी चर्चच्या आणखी एका बैठकीला गेले. फेब्रुवारी होता. आलेख कागदावर वाफे नक्की झाले होते, त्याच्या शेजारी जुलैची यादी टाचणीने लावली होती. दोन्ही कागद एकाच फळ्यावर. त्या आजोबांचा आग्रह मला पहिल्या दिवशी जरा हटवादी वाटला होता. आता वाटतं, बागेचा खरा नकाशा ती यादी आहे. रोप कुठे लावायचं ते सगळेच लिहितात.

मे महिन्यात शेजारच्या बाईंनी लेकीकडे फोटो पाठवला. वाटाणे लागले होते. यादीवरच्या नावांबद्दल मी मुद्दाम विचारलं. म्हणे, पहिल्या आठवड्याला आजोबांनी स्वतःचंच नाव घातलंय.

भाचरं-नातवंडं हे वाचत असतील, त्यांना एक सांगते. घरातल्या जुन्या फोटोंमागे आपण नावं लिहितो ना, ती लिहिताना जरा थांबा. फोटो कोणी काढला, चहा कोणी केला, दाराआड कोण उभं होतं, तेही लिहा. माझ्या निळ्या साडीच्या फोटोमागे मी आता एक नाव लिहून ठेवलंय.